मागाचा वेळ आणि पाहणाऱ्याचा वेळ

मोहाडी, जि. भंडारा

चि. भाचीस,

तुझे पत्र आणि त्यासोबत धाडलेले तिन्ही व्हिडिओ पोचले. कोसा रेशमाच्या विणकामावर चॅनेल काढण्याचा तुझा संकल्प ऐकून आजीला जो आनंद झाला, तो तिने बोलून दाखविला नाही. परंतु मागावर टाकलेले फडके तेव्हापासून रोज झटकले जाते, यावरून तू काय ते समजून घ्यावेस. तुझे प्रश्न दोन आहेत: संकलनाचे कोणते सॉफ्टवेअर शिकावे, आणि सदस्यसंख्या वाढत नाही त्यावर इलाज काय. पहिल्याचे उत्तर लवकर आटोपते.

डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती तुझ्या कामास पुरून उरेल. तुझ्या लॅपटॉपला तिचा भार पेलत नसेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घे, तीही मोफतच आहेत. टाइमलाइनवर तुकडे मांडणे, छाटणे, आवाजाचे थर निराळे राखणे आणि अखेरीस एक्सपोर्ट करणे, ही कामे सर्वत्र सारखीच असल्यामुळे कोणतेही एक निवडावे आणि हात बसेपर्यंत दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहू नये. एवढे मात्र ध्यानात असू दे की प्रोजेक्टची फाइल ही सातबाराच्या उताऱ्यासारखी आहे. कोणता तुकडा कोठला, कोठून कोठवर घेतला, याची ती केवळ नोंद असते, जमीन काही तिच्यात नसते. मूळ चित्रीकरणाचे फोल्डर इकडचे तिकडे केलेस की ती नोंद निराधार होते आणि पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' एवढीच अक्षरे उरतात. यास्तव प्रत्येक व्हिडिओचे दप्तर स्वतंत्र ठेवावे, त्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच मोबाइलमधला माल पुसावा.

दुसऱ्या व्हिडिओत मागाच्या खोलीतला दिवा एकसारखा लुकलुकतो, तो दोष दिव्याचा नव्हे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मोबाइल मात्र मूळच्या योजनेप्रमाणे सेकंदाला ३० चित्रे टिपतो, आणि त्याची उघडझाप दिव्याच्या चालीशी जुळत नाही. कॅमेरा हाताने लावता येईल असे अॅप घेऊन २५ चित्रे आणि शटर १/५० असे ठेव, म्हणजे हे लुकलुकणे बहुतांशी थांबेल. दिवसा खिडकीच्या उजेडात काम उरकता आले तर हा खटाटोपच नको.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. तुझी सदस्यसंख्या का वाढत नाही, याचा शोध तू थंबनेल, ठळक मथळे आणि अपलोडची वेळ यांत घेत आहेस. मला मात्र तुझ्या पहिल्या व्हिडिओतच त्याचे कारण सापडते. आरंभी फिरणारे बोधचिन्ह, मग चॅनेलचे सदस्य होण्याची विनंती, मग ड्रोनने टिपलेले आकाश, आणि आजीचे हात दिसेपर्यंत पाहणारा उठून गेलेला. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून गेले याचा आलेख तुला आयता मिळतो. त्यातली पहिल्या अर्ध्या मिनिटातली उतरण एकदा नीट पाहा. तुझ्याजवळ जे दुसऱ्या कोणाजवळ नाही ते तू सर्वांत शेवटी दाखवितेस, आणि जे हजारांजवळ आहे ते सर्वांत आधी.

परंतु हात लवकर दाखविले म्हणजे काम भागले, असेही नाही. खरी अडचण अशी की कोशाचे काम स्वभावतःच संथ आहे. ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर पोसलेल्या अळीचा तो कोश, ढिवर कुटुंबांनी झाडावर पाखरांपासून राखलेला, घरी येतो, शिजविला जातो, मग बायका मांडीवर त्याचा धागा वळतात, ताणा लागतो, आणि तेव्हा कोठे धोटा फिरू लागतो. करवतकाठी लुगड्यात तर अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे एकेक असे तीन धोटे चालतात, आणि काठाचे बाणे अंगाच्या बाण्यात अडकवीत गेल्यानेच ते करवतीचे दाते उमटतात. हा सारा व्यवहार जसाच्या तसा दाखविलास तर कोणी बसणार नाही. वेग वाढवून, वर ढोलताशे वाजवून दाखविलास तर पाहणाऱ्याची समजूत अशी होईल की लुगडे दुपारपर्यंत तयार होते, आणि मग विकत घेताना तो भावाची घासाघीस करील. संकलनाचा खरा कस येथे लागतो.

या कोड्याचे उत्तर एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून १९१२ साली परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरला, महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने त्याची चित्रे टिपली, आणि रुजण्यापासून वेल होईपर्यंतची सारी वाढ पडद्यावर अगदी अल्पावकाशात उलगडून दाखविली. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला, हे सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र वाटाण्याची ती चिमुकली पट्टीच अधिक मोलाची वाटते. तिच्यात काळ आटविला आहे, पण खोटा पाडलेला नाही. ती पाहून वाटाणा मिनिटात वाढतो असे कोणाला वाटले नसेल. (कच्च्या फिल्मला रात्र जागून भोके पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे नाव त्या काळच्या श्रेयनामावलीत शोधून सापडत नाही. तुझ्या व्हिडिओच्या शेवटी मांडीवर धागा वळणाऱ्या बायांची नावे, त्यांची परवानगी घेऊन, अवश्य दे.)

तेव्हा तू असे करावेस. जेथे हाताला खरे कौशल्य लागते, म्हणजे तीन धोट्यांची अदलाबदल, तुटलेला धागा सांधणे, तेथे तोड न घालता चित्र मूळ वेगाने चालू द्यावे, मिनिटभर चालले तरी हरकत नाही. जे काम पुनःपुन्हा तेच आहे ते सरळ कापावे, आणि मध्ये किती दिवस गेले ते पडद्यावर लिहावे. संगीताची गरज भासली तर आधी मागाचा खटका ऐकून पाहा. तोच तुझा ताल आहे. मी लग्नाच्या कॅसेटी दोन व्हीसीआर जोडून तयार करीत असे, तेव्हा मध्येच एक दृश्य घालायचे तर पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे, म्हणून आधी कागदावर यादी केल्यावाचून यंत्राला हात लावण्याची सोय नव्हती. तुला ती सक्ती नाही, तरीही यादी करावीस. आवाज चित्राच्या किंचित आधी सुरू करण्याची युक्ती मला फार उशिरा उमगली; खटका आधी कानी पडावा आणि मग माग दिसावा, म्हणजे पाहणारा आपणहून आत येतो. चित्रपटातली गाणी मात्र उचलू नकोस. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते, आणि तुझे उत्पन्न गाण्याच्या धन्याकडे जाते.

आजीच्या झाडीबोलीवर तू प्रमाण मराठीचे निवेदन चढविलेस, ते मला रुचले नाही. तिचे बोलणे तसेच राहू दे, खाली अक्षरे दे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी ज्या बोलीच्या अभ्यासात हयात घालविली, ती आपल्याच घरी झाकून ठेवण्याचे कारण काय?

उत्पन्नाविषयीही लिहितो, कारण तुझ्या आईची खरी चिंता तीच आहे. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी हवी. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येक जण सरासरी चार मिनिटे थांबला तरी ६०,००० वेळा पाहिले जावे लागेल. हा आकडा भिववणारा नाही, पण वर्षाच्या आत त्यावर घर चालविण्याची भाषाही नको. नागपुरातली शिकवणी इतक्यात सोडू नये.

आणखी एक. नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे 'आपली आजी' हे चॅनेल तू पाहतेसच. नातवाच्या साहाय्याने नावारूपाला आलेले ते चॅनेल २०२० साली काही काळ चोरट्यांच्या कबजात गेले होते. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदीचा हुकूम निघाला आणि खेड्यापाड्यांतील कित्येकांचे काम एका रात्रीत दिसेनासे झाले. तेव्हा दुहेरी पडताळणी आजच लाव, संकेतशब्द मैत्रिणींनाही सांगू नकोस, आणि मूळ चित्रफिती नेहमी आपल्या घरी ठेव.

नवरात्रात चौंडेश्वरीच्या दर्शनाला येशीलच. तेव्हा दोन दिवस अधिक राहा. आंधळगावच्या एका विणकरांशी मी बोलून ठेवले आहे. त्यांच्याकडे त्या सुमारास नवा ताणा लागणार आहे. माइक आण, ड्रोन राहू दे.

तुझा,
मामा