परदेशातील व्यापारी सफर : फिरणे आणि खाणे कामी कसे आणावे?

माधवनगर, सांगली, तासगाव या पट्ट्यात हळद, बेदाणा आणि कापड यांवर कित्येक घरांची रोजीरोटी चालते. यातील काही व्यापारी बांधवांना दुबईची वाट आता नवी राहिलेली नाही. परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याकडून बहुधा दोनपैकी एक चूक होते. एक तर तो प्रदर्शनातून हॉटेलात आणि हॉटेलातून थेट विमानतळावर येतो. किंवा उंच इमारती पाहण्यात दिवस घालवून रिकाम्या हाताने परततो. फिरणे आणि खाणे हेही धंद्याचे काम होऊ शकते, हे ध्यानात घेतले तर दोन्ही चुका टळतात.

बाजार पाहा. खाद्यपदार्थांचे ‘गल्फूड’ हे प्रदर्शन दुबईत १९८७ पासून भरते. तिथे मोठे खरेदीदार भेटतात, पण माल शेवटी कसा विकला जातो ते तिथे दिसत नाही. त्यासाठी एक दिवस राखून ठेवा. देरा भागातील मसाला बाजार आणि त्याला लागून असलेला अल रास हा सुका मेवा व मसाल्यांचा घाऊक बाजार पायी फिरा. हळद अख्खी विकतात की दळलेली, पोत्यात की पाकिटात, कोणत्या देशाचे नाव लावून, हे वहीत लिहा. मात्र पर्यटकांना सांगितलेला भाव हा घाऊक भाव समजू नका. नंतर ‘अब्रा’ नावाच्या होडीने खाडी ओलांडली की बर दुबईचा कापड बाजार लागतो. माधवनगरच्या यंत्रमागवाल्याने तो चुकवू नये. जवळच १७८७ च्या सुमाराचा अल फहिदी किल्ला आहे. या मुलखाशी आपला व्यवहार जुना आहे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास रुपया काढला होता आणि १९६६ पर्यंत तिथे तो चालत होता.

ताटात काय आहे ते पाहा. आपण घरून चटणी-भाकरी बांधून नेतो आणि तिथेही भारतीय खाणावळ शोधतो. एक-दोन वेळा तरी तिथले जेवण घ्यावे. हलालची अडचण तिथे सहसा येत नाही. येमेनी ‘मंदी’ म्हणजे मटण-भात. त्यावर पुष्कळदा बेदाणे आणि बदाम-काजू पसरलेले असतात. अमिराती ‘मचबूस’मध्ये सुकवलेले लिंबू आणि ‘बझार’ नावाचा मसाला पडतो. त्या मसाल्यात हळद असते. म्हणजे आपलाच माल त्या ताटात आहे. बेदाणा हिरवा वापरतात की पिवळा, बारीक की जाड, माल कोणाकडून घेतात, हे हॉटेलवाल्याला अदबीने विचारा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्याला सांगा.

सामानात काय नेऊ नये. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात पुष्कळ घरी खसखस घालतात. प्रेमाने दिलेली मसाल्याची पुडी विमानतळावर अटकेचे कारण होऊ शकते. काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवरही तिथे निर्बंध आहेत. औषधे नेण्यापूर्वी चौकशी करा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

दिवसांची आखणी. जानेवारी २०२२ पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवारी असते आणि शुक्रवारी कचेऱ्या अर्धा दिवस चालतात. म्हणून भेटीगाठी सोमवार ते गुरुवार ठेवा. शुक्रवारी जुमा अदा करून संध्याकाळी बाजार पाहा आणि शनिवार स्वतःच्या फिरण्यासाठी ठेवा.

भाव बोलण्यापूर्वी. भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात बऱ्याच मालाला जकातीची सवलत मिळते, पण त्यासाठी माल भारतातीलच असल्याचा दाखला लागतो. आपला माल त्यात बसतो का, हे निघण्यापूर्वी कस्टम दलालाकडून समजून घ्या. मसाला निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड आणि मसाला मंडळाची नोंदणीही हवी.

हिशेब वेगळा ठेवा. पेढी भावाभावांची असेल तर तिचा पैसा ही अमानत आहे. तिकीट, प्रदर्शन, नमुने यांचा खर्च पेढीचा. सोने, सफारी, घरच्यांसाठीची खरेदी आपल्या खिशातून. आयकरातही धंद्यासाठी झालेलाच खर्च मान्य होतो. दोन वह्या ठेवल्या की परतल्यावर भागीदारासमोर मान खाली घालावी लागत नाही.

रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा : कोण भेटले, काय पाहिले, काय खाल्ले. घरी आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला पत्र आणि नमुना पाठवा. जो व्यापारी गिऱ्हाइकाचा बाजार आणि त्याचे ताट पाहून येतो, त्याच्या बोलण्याला वजन येते.