चौरसांची मोजणी : संगणक आणि माणूस

बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती, असे विचारताच बहुतेकजण ६४ असे उत्तर देतात. वस्तुतः लहानमोठे सर्व धरल्यास ते २०४ भरतात. एका घराच्या बाजूचे ६४, दोन घरांच्या बाजूचे ४९, तीन घरांच्या बाजूचे ३६, याप्रमाणे अखेर संपूर्ण पटाचा १. संगणकाच्या आज्ञावलीत ही बेरीज चार-पाच ओळींत मांडता येते.

परंतु घरांचे कोपरे जोडून तिरपे चौरसही काढता येतात. आज्ञावलीत त्यांची तरतूद नसेल, तर संगणक ते मोजीत नाही आणि उणीवही दाखवीत नाही. सरळ चौरसाची बाजू जितक्या घरांची, तितके चौरस त्याच्या चारही कडांना कोपरे टेकवून बसतात. त्यांपैकी एक तो स्वतः. म्हणून वरील प्रत्येक संख्येला बाजूच्या घरांच्या संख्येने गुणून बेरीज करावी. ती ५४० येते.

शिक्षकांनी प्रथम चार घरांचा छोटा पट विद्यार्थ्यांकडून हाताने मोजून घ्यावा : सरळ ५, तिरपा १, एकूण ६. आज्ञावलीचे उत्तरही ६ आले, तरच मोठ्या पटाकडे वळावे. पटावरील चौरस असोत वा गावातील कुटुंबे, मोजणीत काय धरावयाचे हे आधी ठरविण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.