ई-बुक रीडर : उपकरण आपले, ग्रंथ कोणाचा?

ज्यांच्या घरी ग्रंथसंग्रह आहे, त्यांना जागेची टंचाई आणि वाळवीचे भय ही दोन्ही दुखणी परिचयाची आहेत. एका लहानशा पाटीएवढ्या उपकरणात शेकडो ग्रंथ बाळगता यावेत, ही कल्पना अशा वाचकाला मोह घालते, यात नवल नाही. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉन कंपनीने अमेरिकेत ‘किंडल’ हा ई-बुक रीडर विक्रीस काढला, तेव्हा ३९९ डॉलर किंमत असूनही पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

या उपकरणाचे खरे आकर्षण त्याच्या पडद्यात आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील संशोधनातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिने विकसित केलेल्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात काळे व पांढरे कण असून त्यांवरील विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. वीजदाब बदलला की काळे किंवा पांढरे कण पृष्ठभागी येतात आणि अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवून धरण्यासाठी वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. म्हणूनच बेताने वाचणाऱ्यास एकदा भारित केलेली बॅटरी काही आठवडेही पुरते. मोबाइलचा पडदा डोळ्यांवर प्रकाश टाकतो. हा पडदा मात्र कागदाप्रमाणे बाहेरच्या प्रकाशावर दिसतो, त्यामुळे भर उन्हातही तो स्वच्छ वाचता येतो. शिवाय अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. चष्म्याचा नंबर वाढलेल्या वाचकास ही एकच सोय इतर सर्व गुणांहून मोलाची वाटेल.

मराठी वाचकापुढे येथे एक अडचण उभी राहते. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांचे स्वतंत्र दालन उघडले, हे खरे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. परंतु पीडीएफ स्वरूपातील पान हे पानाच्या छायाचित्रासारखे असते. सहा इंची पडद्यावर त्यातील अक्षर बारीक दिसते आणि ते मोठे करावे, तर ओळ पडद्याबाहेर जाते. युनिकोडमध्ये अक्षरजुळणी करून ‘ईपब’ स्वरूपात काढलेले पुस्तकच या उपकरणावर सुखाने वाचता येते.

याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. उपकरण आपण विकत घेतो. त्यातील बहुतेक पुस्तकांचा मात्र केवळ वाचन-परवाना आपणांस मिळतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या उपकरणांतून दूरस्थपणे पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे त्यामागील कारण. पैसे परत मिळाले, पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे निरुपयोगी झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. या दोहोंपैकी एक कादंबरी, नको असलेला मजकूर नष्ट करणाऱ्या राजवटीचे चित्रण करणारी ‘१९८४’ ही असावी, हा योगायोग बोलका आहे. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली.

छापील पुस्तक शेजाऱ्यास देता येते, निवृत्त शिक्षकाचा संग्रह गावच्या वाचनालयास भेट मिळतो. परवान्यावर घेतलेले पुस्तक असे हस्तांतरित करता येत नाही. ग्रंथालय समित्यांनी आणि शाळांनी खरेदीपूर्वी ही बाब ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

जे साहित्य प्रताधिकारमुक्त झाले आहे, त्याला हे बंधन नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो. ह. ना. आपटे १९१९ मध्ये, तर साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची कुलूपविरहित प्रत कोणीही करावी, संगणकात जपून ठेवावी, आणि शाळेतील मुलांना वाटावी.