थंडीत कंपोस्टचा ढीग तापता ठेवा

कन्नड तालुक्यात दिवाळीच्या सुमारास मका निघतो, पुढे कपाशीच्या वेचण्या संपत येतात आणि शेतात काडीकचरा भरपूर मिळतो. कंपोस्टचा हौद भरण्याची हीच वेळ. पण हेच दिवस थंडीचेही असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बरेचदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. महिना उलटला तरी हौदातील कचरा जसाच्या तसा दिसतो. ‘थंडीत कुजत नाही’ असे समजून तो उन्हाळ्यापर्यंत तसाच सोडला जातो आणि मे महिन्यात अद्रकीच्या लागवडीला अर्धवट कुजलेले खत हाती येते.

असे खत फायद्याऐवजी नुकसान करते. जमिनीत पडल्यावर ते कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र वापरतात व पीक पिवळे पडते. तणाचे बी जिवंत राहते. हुमणी व वाळवीलाही असे खत मानवते.

ढीग थंड का पडतो?

ढिगातील उष्णता बाहेरून येत नाही. जिवाणू कचऱ्यातील कर्ब खातात, त्या क्रियेत ती तयार होते. नीट भरलेल्या ढिगाचे आतील तापमान हिवाळ्यातही काही दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची पद्धत बसवली. तेथेही काळी जमीन, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि कडक हिवाळा होताच. तेव्हा दोष केवळ थंडीचा नसतो. आकार लहान, ओलावा कमी आणि नत्र अपुरे ही खरी कारणे आहेत.

१) आकार : ढिगाची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आतील माल आठपट होतो, पण थंडी लागणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून मोठा ढीग ऊब धरतो. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ३ फुटांपेक्षा कमी नसावी. ४ फूट असल्यास उत्तम. रोज थोडा थोडा कचरा टाकण्याऐवजी तो साठवून हौद एक-दोन दिवसांत पूर्ण भरावा. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप हौदाचे माप १० × ६ × ३ फूट आहे आणि तोही एकदम भरावा लागतो.

२) नत्र : मक्याच्या वाळलेल्या धांड्यात कर्ब व नत्राचे प्रमाण साधारण ६०:१ असते. जिवाणूंना ते ३०:१ च्या आसपास लागते. उसाच्या पाचटासाठी दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कंपोस्ट संवर्धक वापरतात. मक्याच्या कचऱ्यालाही हीच मात्रा धरावी व सोबत १०० किलो ताजे शेण कालवून थराथरावर शिंपडावे. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी युरिया टाळून शेण किंवा गोबरगॅसची स्लरी दुप्पट वापरावी.

३) ओलावा : हिवाळ्यातील कोरडी हवा ढीग लवकर सुकवते. आतील कचरा मुठीत दाबून पाहावा. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पाणी दुपारी द्यावे. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी थंडीत कोमट असते, तेच वापरावे.

भरताना घ्यावयाची काळजी

पऱ्हाट्या अखंड टाकू नयेत. त्यांचे तुकडे करावेत किंवा त्या गाडीवाटेवर पसरून चाकाखाली चिरडून घ्याव्यात. जागा उन्हाची निवडावी. उत्तरेकडील वाऱ्याला पऱ्हाट्यांचा कूड उभा करावा. वरून ६ ते ९ इंच पालापाचोळ्याचा थर व गोणपाट टाकावे. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नये. हवा बंद झाली की ढीग सडतो व दुर्गंधी येते. नाडेप हौदाची छिद्रेही लिंपू नयेत.

गुलाबी बोंडअळीने किडलेली बोंडे वेचून आधीच नष्ट करावीत. कंदकूज झालेल्या अद्रकीचे अवशेष ढिगात टाकू नयेत.

तापमानाची साधी परीक्षा

भरल्यानंतर पाचव्या दिवशी लोखंडी सळई २ फूट आत खुपसून १५ मिनिटांनी बाहेर काढावी. हातात धरवत नसेल तर काम उत्तम चालू आहे. कोमट असेल तर नत्र कमी असण्याची शक्यता आहे, शेणकाला सोडावा. थंड व कोरडी असेल तर पाणी कमी आहे. थंड, ओली व वास येत असेल तर हवा कमी आहे. वाळलेला कचरा मिसळून ढीग उलटावा.

थंडीत ढीग वारंवार उलटू नये, प्रत्येक वेळी ऊब जाते. आतील तापमान उतरू लागले की दुपारच्या उन्हात उलटावा व बाहेरचा कचरा आत घालावा. नाडेप हौद उलटावा लागत नाही. १५-२० दिवसांनी माल खचतो, तेव्हा पुन्हा भरून वरून शेण-मातीने लिंपावा. ट्रायकोडर्मा सुरुवातीला मिसळू नये, तो उष्णतेने मरतो. ढीग निवल्यानंतर मिसळावा.

परसातील लहान हौदात स्वयंपाकघरातील ओला कचरा वर न टाकता मधोमध खड्डा करून घालावा व दरवेळी दुप्पट वाळलेल्या पाल्याने झाकावा.

वेळेचा हिशेब

कंपोस्ट तयार व्हायला ९० ते १२० दिवस लागतात. डिसेंबरच्या पंधरवड्यात भरलेला व तापता ठेवलेला ढीग एप्रिलच्या मध्यापर्यंत तयार होतो, म्हणजे अद्रकीचे वाफे करताना खत हाताशी असते. तयार खत काळपट, भुसभुशीत असते व त्याला पावसाच्या मातीसारखा वास येतो. मूळ काडी ओळखू येत असेल तर ते आणखी महिनाभर ठेवावे, पण अद्रकीला घालू नये.