पिल्लाला शरीर मिळतं, चाल नाही

प्रश्न : संगणकातल्या आभासी प्राण्यांची उत्क्रांती घडवतात म्हणे. मग त्यात सुधारतं काय, शरीर की अक्कल? आणि एका पिढीने शिकलेलं पुढच्या पिढीला आयतं मिळतं का?

उत्तर : आयतं काही मिळत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

१९९४ मध्ये कार्ल सिम्स यांनी ठोकळ्यांचे आभासी प्राणी घडवले. त्यांचं शरीर आणि ‘मेंदू’ दोन्ही पिढ्यानपिढ्या बदलत. जगता जगता शिकणं मात्र नव्हतं. 

शिकण्याची जोड कशी मिळाली, ते स्टॅनफर्डच्या अग्रिम गुप्ता, सिल्व्हिओ सवारेसे, सूर्या गांगुली आणि फेई-फेई ली यांच्या २०२१ च्या प्रयोगात छान दिसतं. त्यांचे ‘युनिमल’ म्हणजे एक गोल डोकं आणि त्याला जोडलेले नळकांड्यांसारखे हातपाय. सुरुवातीला अशी ५७६ शरीरं. प्रत्येकाने धडपडत चालायला शिकायचं, मग चौघाचौघांत स्पर्धा. जिंकेल त्याच्या शरीरात किरकोळ फेरफार करून पिल्लू काढायचं : एखादा पाय जास्त, एखादा सांधा कमी वळणारा. पिल्लाचा मेंदू मात्र कोरा. त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकायचं.

कोण किती लवकर शिकलं, हे निवडताना कुणी पाहतच नव्हतं. शेवटी किती जमलं, एवढंच बघत. तरीही साधारण दहा पिढ्यांत शिकण्याचा वेळ निम्म्यावर आला. पूर्वजांना आयुष्याच्या उत्तरार्धात जमलेलं वंशजांना लहानपणीच जमू लागलं. असं घडू शकेल, हा तर्क जेम्स मार्क बाल्डविन यांनी १८९६ मध्येच मांडला होता.

कोरा मेंदू लवकर शिकला तो शरीराच्या जिवावर. उत्क्रांत झालेली शरीरं सहसा तोल सोडत नाहीत आणि कमी ऊर्जेत काम भागवतात. त्यामुळे मेंदूला शिकायला उरतंच कमी. तुमच्या ‘शरीर की अक्कल’मधला तो ‘की’ मला म्हणूनच पटत नाही.

शरीर कुठल्या जमिनीवर घडलं, यानेही फरक पडला. काही युनिमल सपाट मैदानात वाढले, काही चढउतारांच्या मुलखात, तर काहींना तशाच मुलखात पेटीही ढकलावी लागली. पुढे सगळ्यांना नवी कामं दिली : चढावर पेटी नेणं, चेंडू हाताळणं, अडथळ्यांतून वाट काढणं. त्यातल्या बहुतेक कामांत पेटी ढकलणाऱ्यांच्या वंशाने मैदानातल्यांना मागे टाकलं.