पुनर्मुद्रित ध्वनिमुद्रिका आणि इंग्लंडचे जॅझ : एक अभ्यास

वस्तूची किंमत वेगळी आणि वस्तूचे मूल्य वेगळे, हा धडा आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी घोकावा लागतो. पाण्याला मूल्य आहे पण किंमत नाही, हिऱ्याला किंमत आहे पण त्याने तहान भागत नाही, हे त्याचे ठरलेले उदाहरण. मला त्याहून चांगले उदाहरण सापडले आहे. ते म्हणजे १९६० ते १९७५ या काळात इंग्लंडमध्ये निघालेल्या जॅझ संगीताच्या लाँग-प्ले तबकड्या. निघाल्या तेव्हा त्या फारशा खपल्या नाहीत. कंपन्यांनी त्यांची नावे यादीतून काढून टाकली. पुढे त्या दुर्मिळ झाल्या आणि संग्राहक त्यांच्यासाठी भरमसाट पैसे मोजू लागले. यंत्राला दरवर्षी घसारा लागतो, या तबकड्यांना मात्र उलटा घसारा लागला ! पण या चढत्या किमतीच्या काळात त्या ऐकत कोण होते ? फारच थोडे लोक. किंमत वाढली, मूल्य कपाटात कुलूपबंद राहिले. ते कुलूप पुनर्मुद्रणाने उघडले. मूळ ध्वनिफीत शोधून, ती स्वच्छ करून, त्याच वेष्टनासह तबकडी पुन्हा बाजारात आणणे म्हणजे पुनर्मुद्रण. आता यांतल्या पुष्कळशा रचना भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात. मी त्या तशाच ऐकल्या.

मी संगीताचा विद्यार्थी नव्हे. मराठी शाळेत शिकलो, शेजार कन्नड आणि महाविद्यालयात पुस्तके इंग्रजी, एवढीच माझी तयारी. तरीही या संगीताविषयी लिहावेसे वाटले. त्याचे कारण असे, की या परक्या वाटणाऱ्या तबकड्यांच्या पाठीमागच्या बाजूवर आपल्याकडची नावे छापलेली आहेत आणि ती आपल्यालाच ठाऊक नाहीत.

थोडी पार्श्वभूमी

जॅझ जन्मले अमेरिकेत, तेथील कृष्णवर्णीय समाजात. इंग्लंडपर्यंत ते पोचले मुख्यतः तबकड्यांतून. १९३५ पासून सुमारे वीस वर्षे अमेरिकन वाद्यवृंदांना इंग्लंडमध्ये कार्यक्रम करण्याची परवानगी जवळजवळ मिळतच नसे, कारण स्थानिक वादकांच्या संघटनेला त्यांच्या रोजगाराची काळजी होती. त्यामुळे तेथील तरुण वादकांची स्थिती एकलव्यासारखी झाली. गुरू समुद्रापलीकडे, समोर फक्त त्याची प्रतिमा. काहींनी तर अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर वादकाची नोकरी धरली, ती न्यूयॉर्कला उतरून एखादी मैफल ऐकता यावी म्हणून. त्यांच्यापैकीच एक सॅक्सोफोनवादक रॉनी स्कॉट. त्याने १९५९ साली लंडनमध्ये जॅझसाठी क्लब काढला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. युद्धानंतर साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे लंडनला आली, त्यांत वादकही होते. जमेकातून जो हॅरियट १९५१ साली आला. सेंट व्हिन्सेंट बेटावरून शेक कीन आला, तो ट्रंपेटवादक आणि कवीही होता. १९६५ साली वर्णभेदाला कंटाळलेला दक्षिण आफ्रिकेचा ‘ब्लू नोट्स’ हा संच लंडनला पोचला. म्हणून ‘ब्रिटिश जॅझ’ हे नाव सोयीचे असले तरी ते संगीत एकट्या ब्रिटनचे नाही. ज्या देशांवर ब्रिटनने राज्य केले त्यांचाही त्यात वाटा आहे, आणि त्या वाटेकऱ्यांत आपणही आहोत.

आपल्या कानांची तयारी

आपल्या भागातील श्रोत्याला जॅझ अवघड जाऊ नये, असे माझे मत आहे. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. मल्लिकार्जुन मन्सूर आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे धारवाड भागाचे नाव देशभर झाले. येथला सामान्य माणूसही बंदिश कुठे संपली आणि विस्तार कुठे सुरू झाला हे ओळखतो. जॅझची बांधणी याच्या जवळची आहे. आधी सर्व वादक मिळून एक ठरलेली चाल वाजवतात. मग एकेक वादक पुढे येऊन त्या चालीच्या आधारे आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करतो. आपण ज्याला ‘उपज’ म्हणतो तीच ही. शेवटी सगळे मूळ चालीवर परततात.

फरक एवढाच, की आपल्याकडे राग स्थिर असतो आणि तंबोरा एकच षड्ज धरून बसतो. जॅझमध्ये पायाखालची स्वरसंगती सारखी बदलत असते, आणि बारा किंवा बत्तीस मात्राखंडांनंतर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिलाच आवर्तन समजावे. ते आवर्तन हाताच्या बोटांवर मोजता आले, की अर्धे जॅझ कळले. मी स्वतः प्रत्येक रचना तीनदा ऐकतो. पहिल्यांदा फक्त खालचा जाड तंतूंचा बास, दुसऱ्यांदा विस्तार करणारा वादक, आणि तिसऱ्यांदा ड्रम किंवा तबला. तिसऱ्या खेपेला हे लोक एकमेकांचे किती ऐकतात ते लक्षात येते.

तीन तबकड्या

पहिली ‘इंडो-जॅझ स्वीट’, १९६६ सालची. संगीतकार जॉन मेयर. जन्म कलकत्त्याचा. लंडनला येऊन त्याने तेथील मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवले. जो हॅरियटचा जॅझ पंचक आणि भारतीय संगीताचा दुसरा पंचक असे दहा वादक त्याने समोरासमोर बसवले. या दुसऱ्या पंचकात स्वतः मेयर व्हायोलिन व हार्प्सिकॉर्डवर होता, दिवाण मोतिहार सतारीवर, ख्रिस टेलर बासरीवर, चंद्रहास पैगणकर तंबोऱ्यावर आणि केशव साठे तबल्यावर. साठे मूळ मुंबईचे. तबकडीवर चार रचना आहेत. त्यांतील दोहोंची नावे वाचून आपण चमकतो : ‘राग मेघ’ आणि ‘राग गौड सारंग’.

येथे श्रोत्याने सावध राहावे. गवयाच्या तोंडून ऐकलेला मेघ डोक्यात ठेवून ही रचना ऐकली तर निराशा पदरी येईल. आलापाची संथ बढत येथे नाही. तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचीच जागा, तेथे बढतीला सवड कोठून मिळणार ? शिवाय मेयरने बराचसा भाग कागदावर लिहून दिलेला होता. म्हणून काही ठिकाणी सतार मोकळी वाटत नाही, नेमून दिलेले काम करते असे वाटते. ‘ही खिचडी आहे’ असे माझा एक मित्र म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण हॅरियटचा आल्टो सॅक्सोफोन तबल्यावर सुरू झाला, की हे आक्षेप मागे पडतात. त्याला ठराविक स्वरांचीच मर्यादा असते आणि तो त्या मर्यादेत धारदार, थोडा दुखरा असा सूर लावतो. याच हॅरियटने १९६० साली ठरलेल्या स्वरसंगतीचे बंधन सोडून ‘फ्री फॉर्म’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली होती. बंधन तोडणाराच बंधन पाळताना ऐकणे, ही या तबकडीची खरी गंमत आहे.

दुसरी ‘हम दोनो’, १९६९ सालची. यात हॅरियटच्या जोडीला गिटारवर आमान्सियो डिसिल्व्हा आहे. जन्म १९३६, मुंबईतील गोवेकर कुटुंबात. १९६७ साली तो लंडनला गेला. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांचा वाटा किती मोठा होता हे जाणकारांना माहीत आहे. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेटसारखा जॅझचा ट्रंपेटवादक होता, म्हणजे आपल्या आजोबांच्या कानांवर जॅझ नकळत पडतच होते. डिसिल्व्हा त्याच परंपरेतला. येथे सतार नाही, तबला नाही. भारतीयपण त्याच्या गिटारीच्या मींडेत आणि चालीच्या वळणात आहे. एका रचनेचे नाव ‘बॅलड फॉर गोवा’. नॉर्मा विन्स्टन हिचा आवाज शब्दांवाचून, एखाद्या वाद्यासारखा वापरला आहे. मला ही तबकडी पहिलीपेक्षा सरस वाटते. पहिलीत दोन भाषा समोरासमोर बसून बोलतात, दुसरीत एकच माणूस दोन भाषांत विचार करतो. घरी एक आणि गल्लीत दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या वाचकांना हा फरक समजावून सांगायला नको. याच डिसिल्व्हाचे ‘कोंकण डान्स’ हे १९७० च्या दशकातील ध्वनिमुद्रण अनेक वर्षे अप्रकाशित पडून होते, ते या शतकात प्रसिद्ध झाले.

तिसरी ‘फेज थ्री’, १९६८ सालची. डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या पंचकाची. या पंचकातील पियानोवादक मायकेल गॅरिक हा कविता आणि जॅझ यांचे एकत्र कार्यक्रम करणारा. त्याची एक रचना येथे आहे, ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’, म्हणजे काळे झेंडू. याच नावाने पॉइज मॅथर्स याने १९१९ साली एका संस्कृत काव्याचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले होते. ते काव्य कोणते ? बिल्हणाची ‘चौरपंचाशिका’ ! आणि बिल्हण म्हणजे काश्मीर सोडून दक्षिणेत आलेला, कल्याणच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात मान पावलेला, ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिणारा कवी. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हा इतिहास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. कल्याणहून निघालेली वाट लंडनच्या पियानोपर्यंत जाते, हे तबकडी ऐकल्यावाचून कोणाला खरे वाटेल ?

व्यवहाराची बाजू

या तीनही तबकड्या लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओशी निगडित आहेत. त्यांच्यामागे उभा राहिलेला निर्माता डेनिस प्रेस्टन. तो कोणत्याही मोठ्या कंपनीचा नोकर नव्हता. स्वतः ध्वनिमुद्रण करायचे आणि ते मोठ्या कंपनीला प्रकाशनासाठी द्यायचे, अशी त्याची पद्धत होती. जोखीम त्याची, वितरण कंपनीचे. म्हणूनच ज्यांना मोठी कंपनी दारातही उभी करणार नाही असे वादक त्याच्याकडे वाजवू शकले.

परंतु यादीतून गेलेला माल परत यायला दीर्घकाळ लागला. २००२ साली जाइल्स पीटरसन याने ‘इम्प्रेस्ड’ हे निवडक संकलन काढले आणि नव्या पिढीचे लक्ष इकडे वळले. २०१८ साली रेंडेल-कार पंचकाच्या पाचही लॅन्सडाउन तबकड्या एका संचात पुन्हा निघाल्या. २०१९ साली टबी हेज या सॅक्सोफोनवादकाचे १९६९ सालचे हरवलेले ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांनी प्रथमच बाहेर आले. २०२१ साली डेका कंपनीनेही या कालखंडाची मालिका सुरू केली.

यातून कोणाला काय मिळाले, हा प्रश्न वाणिज्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. टबी हेज १९७३ साली वारला, वय अवघे ३८. जो हॅरियटही त्याच वर्षी गेला, वय ४४. त्यांना पुनर्मुद्रणातून छदामही मिळाला नाही. जुनी प्रत संग्राहकाने दुसऱ्याला विकली तर तिच्या चढ्या किमतीतला एक पैसाही वादकाच्या घरी जात नाही. पुनर्मुद्रित प्रत विकली गेली तर निदान हक्काचा प्रश्न उभा राहतो. १ नोव्हेंबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे झाली. (आपल्याकडे ती ६० वर्षे आहे.) त्या वाढीव काळात एकरकमी मानधनावर वाजवलेल्या साथीदारांसाठी निर्मात्याने उत्पन्नातील २० टक्के रक्कम बाजूला काढावी, असेही त्या कायद्यात आहे. मात्र ही रक्कम द्यायची तर साथीदार कोण हे माहीत असले पाहिजे. नाव नोंदलेले नसेल तर पैसे कोणाच्या दारात नेऊन टाकणार ?

आपल्यासाठी बोध

येथे मला या अभ्यासाचा खरा मुद्दा दिसतो. तंबोरा छेडणाऱ्याकडे मैफलीत आपले लक्ष नसते. चंद्रहास पैगणकर यांनी त्या तबकडीवर एकही तान घेतलेली नाही, पण त्यांनी धरलेल्या षड्जावर सारा डोलारा उभा आहे. वेष्टनावर कोणीतरी त्यांचे नाव छापले म्हणून आज बेळगावकडचा एक विद्यार्थी ते लिहू शकतो. जमाखर्चात नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असे धरले जाते. कलेतही तसेच होते.

आपल्या गावांत गणेशोत्सवातील गायन, भजनी मंडळांच्या स्पर्धा, संगीत नाटकांचे प्रयोग, यांच्या कॅसेटी कितीतरी घरांत धूळ खात पडलेल्या आहेत. काहींवर मुख्य गायकाचे नाव असते, काहींवर तेही नसते. तबलजी, पेटीवाले आणि झांजवाले यांची नावे तर शोधूनही सापडत नाहीत. ज्या वृद्धांना ती आठवतात ते आहेत तोवर विचारून घेतली पाहिजेत. आमच्या वाङ्मय मंडळाला आणि कन्नड संघाला माझी विनंती आहे, की या वर्षी दोघांनी मिळून एक वही घालावी : कॅसेट कोणाची, वर्ष कोणते, वाजवले कोणी. नोंदीची भाषा मराठी असो वा कन्नड, नाव तेच राहील. खर्च एका वहीचा आणि काही रविवारांचा.

आणि ज्यांना नुसतेच ऐकायचे आहे त्यांनी ‘हम दोनो’पासून सुरुवात करावी. दिवे मालवून नव्हे, तर वेष्टनाची मागची बाजू समोर ठेवून, प्रत्येक नावाशी त्याचा आवाज जुळवत ऐकावे.