मन अचानक का बदलते?

मुलांनो, दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकचा भोंगा वाजतो आणि आजीजवळ राहिलेला तुमचा हसरा मित्र एकदम गप्प होतो. पेन मागितले तरी अंगावर धावून येतो. आपण उर्दूत म्हणतो, मिजाज बिघडला. (मराठीत 'मिजास' म्हणजे ऐट, बरे का!) भोंग्याने त्याला आईची आठवण आलेली असते, ते त्यालाही कळत नाही. मुठी आवळणे, आवाज चढणे या खुणा ओळखा. चारचौघांत कारण विचारू नका. त्याच्याबरोबर नळापर्यंत चला. तो बोलला, तर मध्येच न थांबवता ऐका. बरेच दिवस असेच चालले, तर शिक्षकांना सांगा. २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांकही आहे. तेथे मराठीत बोलता येते.